पुरावा क्रमांक पाच

मंगळवार, ३ मार्च

वकीलबाई म्हणाल्या, "जे होईल ते तारखेनिशी लिहून ठेवा, मादाम. राग लिहू नका, घटना लिहा." म्हणून ही वही आणली. पोस्टाच्या खिडकीत चौतीस वर्षं शिक्के मारले आहेत मी, तारखांचं मला कोणी शिकवायला नको. रागाचं मात्र माझ्या हातात नाही.

तर घटना. घरामागे रोलाँच्या आजोबांनी लावलेल्या द्राक्षवेलांच्या सहा ओळी आहेत. काल सकाळी खिडकी उघडली तर सहाच्या सहा ओळींची छाटणी झालेली. काड्यांच्या जुड्या बांधून भिंतीला टेकवून ठेवलेल्या. मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझा नवरा जाऊन दीड वर्ष होत आलं, तो काही उठून येणार नाही. उरला एकच माणूस, भिंतीपलीकडचा फिर्मां.

दुसरी घटना. जानेवारीपासून दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर वाइनची एक बाटली येते. जाड बुडाची, तोंडाला लाल मेण, लेबल नाही, चिठ्ठी नाही. पहिली मी त्याच्या फाटकाशी ठेवून आले. दुसऱ्या दिवशी ती परत माझ्या कट्ट्यावर.

या दोन गोष्टी वकीलबाईंनी एकमेकींना जोडून दाखवल्या तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी तुमच्या जमिनीत काम केलं, त्याबद्दल तुम्हाला काही दिलं, आणि तुम्ही ते घेतलंत, की झाला तो तुमचं कूळ. पुढची नऊ वर्षं कोर्टसुद्धा त्याला हलवू शकत नाही.

"एक बाटली घेतली तरी?" मी विचारलं.

"बटाट्यांची टोपली घेतली तरी."

म्हणजे ते भाडं आहे. मुकाट्यानं माझ्या गळ्यात उतरवायचं भाडं.

गुरुवार, ५ मार्च

वकीलबाई विचारतील, वैर कशाचं. लिहून ठेवते.

रोलाँला पुरलं त्या दिवशी अख्खं गाव चर्चमध्ये होतं. पाववाली ओदील होती, शाळेतले मास्तर होते, रोलाँशी ज्यांचं कधी पटलं नाही तेसुद्धा टोपी हातात घेऊन उभे होते. फिर्मां नव्हता. चाळीस वर्षं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहिलेला माणूस, रोलाँच्या हातचे सॉसेज खाऊन वाढलेला माणूस, आला नाही. नंतरही नाही. दार वाजवलं नाही, दोन ओळी लिहिल्या नाहीत.

मी दुसऱ्याच आठवड्यात मुलीकडे, सांद्रीनकडे, ल्योंला निघून गेले. वर्षभर तिथेच होते. या नाताळात परत आले तेव्हा फिर्मां फाटकात दिसला. म्हणाला, "आलीस?"

मी म्हटलं, "तुम्ही मला यापुढे अहो-जाहो केलंत तर बरं, म्स्यू फिर्मां."

तेव्हापासून आम्ही दोघं अहो-जाहोत आहोत. गावात कुणी वाळीत टाकलं तरी इतकं लागत नाही.

रविवार, २२ मार्च

सांद्रीनचा फोन. "आई, घर विकून टाक ना. एकटी काय करतेस तिथे?"

खोल्या चालवते, म्हटलं. वरच्या दोन खोल्या रंगवून घेतल्या आहेत, एक पिवळी, एक निळी. पाहुणे झोपतील, सकाळी माझ्या हातचा ब्रिओशचा गोड पाव आणि मुरंबा खातील, संध्याकाळी वाटलं तर माझ्याच टेबलावर जेवतील. ईस्टरची नोंदणी आली आहे. या दोन खोल्या चालल्या तर घर राहील, नाही चालल्या तर सांद्रीन जिंकली.

ती म्हणाली, "तलाव नसलेल्या ठिकाणी हल्ली कोण येतं?"

हे मात्र खरं. पोहायचा तलाव हवा. आणि सपाट जागा आहे ती एकच, त्या सहा ओळींची. रोलाँ माझ्याकडे बघायचा त्याहून जास्त त्या वेलांकडे बघायचा. द्राक्षं तर सगळी सहकारी तळघरात, म्हणजे गावाच्या वाइन कारखान्यात, जायची, घरात कधी थेंबभर वाइन बनली नाही. मग एवढं काय होतं त्यांच्यात, मला कधी कळलं नाही.

बुधवार, १ एप्रिल

बाटली क्रमांक चार. वेळ सकाळी सात. साक्षीदार: पाववाली ओदील, जिची गाडी तेव्हा दारात होती. स्वीकारली नाही. उघडली आणि ओतून दिली.

कुठे ओतली ते लिहिते. तळघरात सासूबाईंचा व्हिनेगरचा मातीचा बुधला आहे, त्यातलं विरजण त्यांच्याही आजीच्या वेळचं. आधीच्या तिन्हीही तिथेच गेल्या. मोरीत ओतायला माझा हात धजत नाही, आणि प्यायचा तर प्रश्नच नाही. आंबवून टाकणं म्हणजे घेणं नव्हे. वकीलबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "हं."

आज बूच नीट पाहिलं. बुचावर पेन्सिलीनं तारीख: १९ ऑक्टोबर. खणातून आधीची तीन बुचं काढली, मी काही टाकत नाही. तिन्हींवर तेच. १९ ऑक्टोबर.

१९ ऑक्टोबर म्हणजे रोलाँला पुरलं तो दिवस.

बसलेच मी जिन्यावर. आत्ता कळलं. त्याचा हक्क तो त्या दिवसापासून धरतो आहे! इकडे आम्ही पेटीवर माती लोटत होतो आणि तिकडे हा आमच्या वेलांमध्ये पाय रोवून उभा होता. म्हणून आला नाही चर्चला. माणूस किती निर्लज्ज असावा, त्याला काही माप?

सोमवार, ६ एप्रिल

पहिले पाहुणे. बेल्जियमचं जोडपं, दोघंही निवृत्त, दोघंही सारखेच जाड. ब्रिओशचे तुकडे मोजून घेतले. बाईंनी पिवळ्या खोलीतला पडदा हातात धरून शिवण तपासली.

नवरा म्हणाला, "पहाटे पाच वाजता ट्रॅक्टर चालू होता."

म्हटलं, "शेजारी आहे. मुद्दाम करतो."

"मुद्दाम?"

"तुम्ही इथे झोपला आहात म्हणून."

जाताना त्यांनी पाहुण्यांच्या वहीत लिहिलं, "नाश्ता उत्तम, यजमानीण थोडी तापट." तापट! त्यांनी चादरीवर कॉफी सांडली तेव्हा मी हूं की चूं केलं नव्हतं.

शुक्रवार, १ मे

बाटली क्रमांक पाच. साक्षीदार: निळ्या खोलीतले डच पतिपत्नी. या वेळी बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली पांढऱ्या घंटीफुलांची काडी. एक मेला ही फुलं आपण जिवाच्या माणसालाच देतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रोलाँ दर वर्षी मला आणायचा, भिंतीपलीकडच्या सावलीतूनच तोडून. आता हा त्याच जागेवर हात मारतो आहे. लाच द्यायची तरी जरा लाज बाळगून.

ही ओतली नाही. वकीलबाईंचा सल्ला: एक तरी मेणासकट, जशीच्या तशी ठेवा. कागद चिकटवला, "पुरावा क्रमांक पाच", आणि जेवणघरातल्या कपाटावर ठेवून दिली. फुलंही तशीच राहू दिली. तीही पुराव्यातच मोडतात.

मंगळवार, १९ मे

नवी खोडी. सकाळी भिंतीवर लाल फडकं टांगलेलं दिसलं. तासाभरात तो फवारणीला निघाला, मोरचुदाचं निळं पाणी वाऱ्याबरोबर इकडे. गेल्या आठवड्यातही फडकं, मग फवारणी. पाहुण्यांना घाबरवायचं, दुसरं काय. नशीब माझं की दोन्ही वेळा फडकं बघून मला चीड आली आणि त्या तिरमिरीत मी दोरीवरच्या चादरी आत ओढून नेल्या होत्या. नाहीतर सगळ्यांवर निळे डाग पडले असते.

फोटो काढून ठेवला आहे.

रविवार, १४ जून

आज तोंडातोंडी झाली.

पॅरिसच्या एक बाई आल्या आहेत. चर्चची घंटा सकाळी सातला वाजते ती नऊला वाजवता येईल का, असं मला विचारलं. त्यांचीच गाडी काल खालच्या वळणावर चरात गेली. फिर्मांनं ट्रॅक्टरनं ओढून काढली आणि थेट माझ्या अंगणापर्यंत आणून सोडली. म्हणजे माझ्या हद्दीत ट्रॅक्टर, न विचारता. मी बाहेर आले.

"म्स्यू फिर्मां, हे अंगण माझं आहे."

"मग गाडी चरात ठेवायची होती?" तो खाली उतरला नाही. "तुमच्या पाहुण्यांना चालवता येत नाही आणि तुम्हाला बोलता येत नाही."

"मला चांगलं बोलता येतं. कोर्टात बोलीन."

त्यानं इंजिन बंद केलं. वेलांकडे बघितलं. म्हणाला, "तलाव करणार म्हणे इथे."

"माझी जागा आहे."

"नव्वद वर्षांचे वेल आहेत ते. पॅरिसच्या लोकांची बुडं भिजवायला उपटणार?"

"तुमच्या डोळ्यांदेखत उपटणार."

बराच वेळ तो टोपी डोक्यावर मागेपुढे करत राहिला. मग एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं, "बाटल्या... मिळतात ना?"

पकडला, म्हटलं मनात. माझ्या तोंडून 'हो, मिळतात' वदवून घ्यायचं आहे याला, आणि पॅरिसची बाई साक्षीदार! मी काय कच्ची आहे? म्हटलं, "त्यांची जी जागा आहे तिथे जातात."

त्यानं मान हलवली. "मग ठीक," म्हणाला. "मग ठीक आहे." आणि निघून गेला, फाटक उघडंच टाकून.

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं असं पॅरिसच्या बाई म्हणाल्या. म्हटलं, मोरचूद.

बुधवार, १ जुलै

बाटली क्रमांक सात. व्हिनेगर. साक्षीदार: पिवळी खोली.

रात्रीच्या जेवणात मसूर आणि हिरव्या पाल्याचं सॅलड होतं. पिवळ्या खोलीतल्या गृहस्थांनी वाडगं पावानं पुसून खाल्लं. "मादाम, हे व्हिनेगर कुठून आणता?" म्हटलं, घरचं. म्हणाले, "असं व्हिनेगर मी आयुष्यात खाल्लं नाही. यात जी वाइन गेली ती काही साधी नव्हती." मी म्हटलं, अगदी साधी होती.

शनिवार, १ ऑगस्ट

बाटली क्रमांक आठ. व्हिनेगर. साक्षीदार: कुणी नाही. पाहुणेच नाहीत. ऐन ऑगस्टात दोन्ही खोल्या रिकाम्या. दोन नोंदण्या रद्द झाल्या, दोन्हींचं कारण तेच, तलाव नाही.

सांद्रीननं फोनवर घर विकायचा विषयच काढला नाही, ते मला जास्त लागलं.

गुरुवार, २० ऑगस्ट

वकीलबाईंचं पत्र. फिर्मांनं यंदा त्या ओळींतली द्राक्षं तोडली तर, मी ल्योंला होते ते गेलं वर्ष धरून, दोन वर्षांची मशागत आणि तोडणी त्याच्या बाजूनं उभी राहते, मग फार अवघड. तोडणी सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होईल. त्याआधी वेल नसले तर प्रश्नच मिटला.

जेसीबीवाल्या जिल्बेरला फोन केला. १० तारीख मिळाली. तो म्हणाला, "द्राक्षं वेलावर असताना, मादाम?" म्हटलं, हो, असताना.

मंगळवार, १ सप्टेंबर

बाटली क्रमांक नऊ. व्हिनेगर. उकाडा आहे.

गुरुवार, १० सप्टेंबर

आज सगळं क्रमानं लिहिते. घटनाच लिहिते.

जिल्बेर आठला आला. रोलाँबरोबर शाळेत होता तो, पण मला कामाचा माणूस हवा होता, रडणारा नको. त्यानं खालच्या बाजूनं सुरुवात केली. एक ओळ उपटायला तासभर. वेल सुटताना आवाज येतो, मोठं कापड फाटावं तसा. मुळं माझ्या मनगटाहून जाड. घोसांसकट सगळं ढिगात.

फिर्मां भिंतीपलीकडे उभा होता. मी मुद्दाम खिडकीत उभी राहिले, म्हटलं बघू दे मलाही.

बाराच्या ठोक्याला चार ओळी गेल्या होत्या आणि जिल्बेरनं यंत्र बंद केलं. बारा म्हणजे बारा. आग लागली असती तरी त्यानं बारा ते दोन जेवणच केलं असतं. मी टेबल मांडलं होतं. मसूर, सॉसेज, सॅलड, चीज. घरात वाइन नव्हती, पाहुणेच नाहीत तर आणू कशाला. जिल्बेर इकडेतिकडे बघत होता. त्याची नजर कपाटावर गेली.

"हे काय? पुरावा क्रमांक पाच?" तो हसायला लागला. "कुणाचा खून झालाय?"

मी त्याला सगळं सांगितलं. दर महिन्याचं भाडं, कूळ, नऊ वर्षं. आणि वर माझा हुकमाचा पत्ता काढला: "प्रत्येक बुचावर तारीख घालतो निर्लज्ज! हक्क सुरू झाल्याची. १९ ऑक्टोबर."

जिल्बेरनं काटा खाली ठेवला. "कुठला १९ ऑक्टोबर? तो?"

"तोच. रोलाँला पुरलं तो."

"मादाम," तो म्हणाला, "ती हक्काची तारीख नाही. ती पिळायची तारीख आहे. इथे सगळे घालतात. पिंपावर घालतात, बुचावर घालतात."

"काय पिळायची?"

"द्राक्षं! आंबलेली द्राक्षं पिळून वाइन काढायची तारीख." त्यानं खिडकीबाहेर बोट केलं. "याच ओळींची. त्या साली गारांनी सगळं झोडपलं होतं, आठवतं? चार टोपल्या निघाल्या असतील, डझनभर बाटल्यांपुरत्या. सहकारी तळघरानं घ्यायला नकार दिला. रोलाँ इस्पितळात होता, तुम्ही त्याच्या उशाशी. त्यानं फिर्मांला सांगितलं, तू तोड, तूच बनव, माझ्या रेजिनसाठी. चाळीस वर्षं द्राक्षं पिकवली आणि बायकोला स्वतःच्या वेलांची एक बाटली कधी दिली नाही, म्हणायचा."

मी म्हटलं, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी तिथे गेलो होतो ना! दफन उरकून येत होतो, अंगात काळा कोट, आणि फिर्मांच्या गोठ्यातून दट्ट्याचा आवाज. मी शिव्या घालायला आत घुसलो. म्हटलं, हरामखोरा, तुझा मित्र खड्ड्यात चाललाय आणि तू वाइन पिळतोस? तो दांडा फिरवतच होता. चेहरा सगळा ओला. म्हणाला, रोलाँनं शपथ घातलीय. एवढंसं पिंप, आज नाही पिळलं तर उद्या आंबून व्हिनेगर होईल."

मी म्हटलं, "मला का नाही कुणी सांगितलं?"

"अहो, सगळ्या गावाला माहीत आहे. आम्हाला वाटलं तुम्हालाही माहीत आहे. बाटल्या घेत होता ना तुम्ही?"

मग मी उठले आणि पुरावा क्रमांक पाच खाली घेतला. वाळलेली फुलं सोडवून बाजूला ठेवली. बूच मीच काढलं. दोन पेले. जिल्बेर आधी प्यायला नाही, त्यानं माझी वाट बघितली.

चांगली नव्हती वाइन. खरं तेच लिहिते. पातळ होती, जरा तुरट, गारांच्या सालची. मी पेला संपवला आणि जिल्बेरला म्हटलं, यंत्र घेऊन जा.

"दोन ओळी राहिल्यात."

"म्हणूनच म्हणते, घेऊन जा."

गुरुवार, १० सप्टेंबर, नंतर

तीन वाजता भिंतीपलीकडे गेले. फिर्मां उलट्या क्रेटवर बसला होता. उठला नाही.

"किती राहिल्या?" त्यानं विचारलं.

"दोन. वरच्या."

"वरच्याच जरा बऱ्या होत्या."

मी सांगायला घेतलं. जिल्बेर काय म्हणाला ते, तारखेचं, वकीलबाईंचं. सगळं उलटंसुलटं निघालं तोंडातून. तो ऐकत होता. शेवटी म्हटलं, "मी त्या प्यायले नाही. आठ बाटल्या व्हिनेगरच्या बुधल्यात ओतल्या."

तेव्हा मात्र त्यानं मान वर केली. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना.

"व्हिनेगर होऊ नये म्हणून मी त्याच्या दफनाला आलो नाही," तो म्हणाला.



"निघा आता तुम्ही," तो म्हणाला. "निघा."

सोमवार, २१ सप्टेंबर

तोडणी सुरू आहे, सगळ्या डोंगरावर माणसं वाकलेली. माझ्या दोन ओळींत मी एकटी. निळ्या खोलीतले दोघं डच मदतीला आले, अर्धी द्राक्षं खाल्ली. उरल्याचा मुरंबा केला.

चार ओळींच्या जागी खड्डा आहे. त्यात पाणी साचतं. पाहुणे विचारतात, तलाव कधी होणार? म्हणते, होणार नाही. ते गाडीत बॅगा भरताना एकमेकांकडे बघतात.

फिर्मां दिवसभर पलीकडच्या उतारावर होता. एकदाही इकडे वळून पाहिलं नाही. मी खोटं का बोलू, मी वाट बघत होते.

रविवार, १ नोव्हेंबर

आज कट्ट्यावर बाटली नाही. गेल्या महिन्यातही नव्हती. तरी खिडकी मी सहालाच उघडली होती.

रोलाँच्या कबरीवर शेवंतीची कुंडी ठेवून आले. घरी आल्यावर बुधल्यातलं व्हिनेगर एका बाटलीत भरलं, वर मेण लावलं. बुचावर पेन्सिलीनं तारीख घातली, १० सप्टेंबर. चार ओळींची तारीख. ती बाटली फिर्मांच्या खिडकीत ठेवून आले. चिठ्ठी नाही. काय लिहिणार?

तो ती घेईल की मोरीत ओतेल, ते विचारायचा मला हक्क नाही.

शुक्रवार, २५ डिसेंबर

सांद्रीन आली होती. खड्डा बघून म्हणाली, "आई, हे काय करून ठेवलंस?" म्हटलं, भरून घ्यायचा आहे. तिला सॅलड फार आवडलं. जाताना थोडं व्हिनेगर मागितलं. दिलं, पण चमच्यानं मोजल्यासारखं. ती हसली. तिला मी अजून सांगितलेलं नाही.

बुधवार, ३ मार्च

सकाळी रोलाँची कात्री घेऊन वेलांत गेले. दोन ओळी, एवढं तर मला जमेल. पहिला वेल कापला, दुसरा कापला. तिसऱ्याला हात लावला तोच भिंतीवरून आवाज आला.

"थांब! थांब, कसाईण! दोन डोळे ठेव, दोन! सगळंच कापलंस तर घोस काय तुझ्या डोक्यावर येणार?"

मी म्हटलं, "मला कुणी शिकवलंय का?"

"चाळीस वर्षं खिडकीतून बघत होतीस, डोळे काय पोस्टात ठेवून यायचीस?"

तो भिंत ओलांडून आला. सत्तरीचा माणूस, गुडघे धरून उतरला. कात्री माझ्या हातातून हिसकावली. दोन डोळे मोजून दाखवले, काप कुठे घ्यायचा ते दाखवलं. मी चुकवलं की शिवी. सगळ्या ओळींत मी एकही काप त्याच्या शिवीशिवाय घेतला नाही. पिवळ्या खोलीतल्या बाई नाश्ता सोडून खिडकीत उभ्या होत्या, त्यांना वाटलं मारामारी होणार.

शेवटच्या वेलापाशी तो म्हणाला, "व्हिनेगर बरंय. वाइन म्हणून तसंही काही धड नव्हती."

"प्यायलीय मी," म्हटलं. "पाचवी. एक पेला."

"मग?"

"तुरट होती."

"गारा," तो म्हणाला, आणि भिंतीवर चढायला लागला. मी हात दिला तो घेतला नाही.

दुपारी कट्ट्यावर बाटली. डझनातल्या उरलेल्या तिनांतली एक. नोंद करते, नेहमीसारखी.

बाटली क्रमांक दहा. बिनलेबलाची, लाल मेण. वेळ दुपारी दोन. साक्षीदार: पिवळी खोली, दोघंही, नावं घेऊन ठेवली आहेत. जमिनीत काम केल्यानंतर दिलेली. स्वीकारली.

उद्या वकीलबाईंना फोन करून सांगायचं, नऊ वर्षं.